आंब्याचा वास, लेझरचा रंग

आढीतला आंबा तयार झाला की नाही हे माझा धाकटा भाऊ नाकाने ओळखतो. नेदरलँड्समधल्या नायमेखन विद्यापीठातली मंडळी तेच काम लेझरने करतात. दोघेही एकाच गोष्टीच्या मागावर असतात, ती म्हणजे फळातून बाहेर पडणारे वायू. भावाचं नाक फुकटचं आणि मुरलेलं. पेंढा बाजूला करायचा, आंबा उचलून देठाशी हुंगायचा आणि "झालाय" किंवा "अजून दोन दिवस" एवढं बोलून तो परत ठेवायचा. आकडा विचारला तर तो माझ्याकडे बघून हसतो. लेझरवाले आकडा देतात. हवेच्या एक अब्ज भागांत इथिलीनचा एखादाच भाग असला तरी त्यांच्या यंत्राला तो सापडतो.

इथिलीन हा साधा वायू. दोन कार्बन, चार हायड्रोजन. आंबा, केळं, चिकू ही फळं पिकायला लागली की स्वतःच इथिलीन सोडतात, आणि तोच वायू त्यांना आणखी पिकवतो. आढीत एक आंबा पुढे गेला की शेजारचे चार त्याच्यामागून जातात ते यामुळे. पेंढा घालून, वर गोणपाट टाकून आपण ऊब तर राखतोच, पण हा वायूही कोंडून धरतो. आमच्या आजीला इथिलीन हे नाव माहीत नव्हतं, व्यवहार पूर्ण माहीत होता.

मी रत्नागिरीत बरीच वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं, आणि घरची थोडी कलमं गोळपला आहेत. त्यामुळे लेझर आणि आंबा या दोन्ही विषयांवर लोक मला प्रश्न विचारतात आणि दोन्हींवर माझ्या उत्तराने त्यांचं समाधान होत नाही. "दादा, तुझा तो लेझर साका ओळखतो का, एवढंच सांग," असं भाऊ दर हंगामात एकदा तरी म्हणतो. साका म्हणजे वरून चांगल्या दिसणाऱ्या हापूसचा आतला बिघाड. त्याचं उत्तर पुढे देतो. आधी लेझरच्या एका हट्टाबद्दल बोलायला हवं.

प्रत्येक वायूचे आवडते रंग असतात. रंग म्हणजे डोळ्यांना दिसणारेच असं नाही. बहुतेक वायूंची आवड अवरक्त प्रकाशात, म्हणजे तांबड्याच्या पलीकडच्या न दिसणाऱ्या पट्ट्यात असते. इथिलीनचा रेणू साधारण १०.५ मायक्रॉन तरंगलांबीचा प्रकाश जोरात शोषतो, आणि ३.२ ते ३.४ मायक्रॉनच्या आसपासही शोषतो. पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन, सगळ्यांच्या रेघा वेगळ्या. तेव्हा एखाद्या वायूला हजेरीत पकडायचं असेल, तर नेमका त्याचाच रंग असलेला प्रकाश त्याच्यातून सोडायचा आणि किती शोषला गेला ते मोजायचं.

इथे लेझर आडवा येतो. लेझरचा प्रकाश अगदी शुद्ध एका रंगाचा असतो, ही त्याची थोरवी. पण तो रंग त्याच्या पोटातला पदार्थ ठरवतो, आपण नाही. थिओडोर मेमनने १९६० साली माणकाच्या कांडीतून पहिला लेझर पेटवला, तो ६९४.३ नॅनोमीटरवर. हेलियम-निऑनचा ६३२.८ वर. निओडिमियम-याग, ज्याच्याशिवाय आज कारखाने आणि दवाखाने अडतील, तो १०६४ वर. आपल्याला १००० हवा असेल तर यांपैकी कोणीही तो देत नाही. दुकानात जे आहे ते घ्या, नाहीतर घरी जा.

या हट्टाशी दोनदा झुंज घेतलेला एक माणूस बारामतीत जन्मला होता. सी. कुमार एन. पटेल, जन्म १९३८. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून १९५८ साली पदवी, मग स्टॅनफर्डला डॉक्टरेट, आणि १९६१ पासून अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत. तिथे त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेझर केला. आज लाकडावर नक्षी कोरणारा जो लेझर गावोगावच्या वर्कशॉपमध्ये दिसतो, तो बहुतेक ठिकाणी हाच किंवा याचा वंशज. पण त्याची दुसरी बाजू इथे कामाची. हा लेझर ९ ते ११ मायक्रॉनच्या पट्ट्यात ठरावीक अंतरांवरच्या बऱ्याच रेघा देतो, आणि त्यांतली एक रेघ इथिलीनच्या सगळ्यात जोरकस रेघेवर जवळजवळ बरोबर बसते. हा निव्वळ योगायोग. या योगायोगावर नायमेखनसारख्या प्रयोगशाळांनी फळं, फुलं, रोपं यांचं इथिलीन मोजण्याची आख्खी शाखा उभी केली.

मोजायची रीत मात्र मला जास्त भुरळ घालते. एक फळ काचेच्या बरणीत ठेवायचं. बरणीतून हवा अगदी हळू वाहू द्यायची आणि बारीक नळीने ती एका छोट्या पोकळीत आणायची. पोकळीतून लेझर जातो, पण अखंड नाही. फिरत्या चकतीने तो सेकंदाला शेकडो वेळा कापलेला असतो. इथिलीनचे रेणू प्रकाश शोषतात, तापतात, हवा फुगते. प्रकाश थांबला की आकसते. ही फुगण्या-आकसण्याची लय म्हणजे आवाजच, आणि पोकळीला लावलेला मायक्रोफोन तो ऐकतो. प्रकाशाने पदार्थाला आवाज देता येतो हे अलेक्झांडर ग्रॅहम बेलने १८८० सालीच पाहिलं होतं. लेझर आल्यावर त्या जुन्या गमतीचं उपकरण झालं. पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड लेझर वापरून दहा प्रदूषक वायू असे मोजून दाखवले. त्या दहांत इथिलीन होता.

पण उरलेल्या वायूंचं काय? प्रत्येकासाठी योगायोग कुठून आणणार? पटेलांनी ई. डी. शॉ यांच्याबरोबर १९७० साली यावर एक अफलातून तोड काढली. लेझरचा प्रकाश इंडियम अँटिमोनाइडच्या अतिथंड स्फटिकात सोडायचा. तिथले इलेक्ट्रॉन त्या प्रकाशातली थोडी ऊर्जा स्वतःकडे ठेवतात आणि उरलेली थोड्या वेगळ्या रंगात परत देतात. किती ठेवायची हे बाहेरच्या चुंबकाच्या ताकदीवर ठरतं. चुंबकाची ताकद वाढवा, रंग सरकतो. हवा तिथे थांबवता येतो. हा यंत्रसंच त्यांनी पुढे बलूनमधून सुमारे २८ किलोमीटर उंचीवर पाठवला आणि ओझोनशी वैर असलेला नायट्रिक ऑक्साइड तिथे मोजला. बारामती ते स्ट्रॅटोस्फिअर हा प्रवास आपल्या पाठ्यपुस्तकांत का नाही, हे मला कळलेलं नाही. अतिथंड स्फटिक आणि मोठा चुंबक हे लटांबर मात्र सगळ्यांच्या आवाक्यातलं नव्हतं.

सोपी वाट दुसरीकडून आली. तिची सुरुवात १९६१ ची. मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकन आणि तिघा सहकाऱ्यांनी माणकाचा तांबडा लेझर गारगोटीच्या स्फटिकातून सोडला आणि पलीकडे ६९४.३ च्या बरोबर निम्मा, ३४७.२ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश निघाला. फारच क्षीण. फोटोच्या काचेवर उमटलेला त्याचा ठिपका एवढा बारका होता, की छापताना तो डाग समजून पुसला गेला. आजही तो शोधनिबंध उघडला की बाण दिसतो आणि बाणाच्या टोकाशी काहीच नसतं. मी वर्गात हे पान दाखवायचो. एवढा मोठा शोध आणि पुरावा साफ!

घडलं काय होतं? प्रकाश स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनांना हलवतो. साधा प्रकाश असेल तर तो हलवेल तितकेच आणि तसेच ते हलतात, आणि त्याच रंगाचा प्रकाश पुढे जातो. लेझर इतका तीव्र असतो की इलेक्ट्रॉन एका बाजूला जितके ताणले जातात तितके दुसऱ्या बाजूला जात नाहीत. काही स्फटिकांची रचनाच अशी एकांगी असते. या लंगड्या हालचालीतून दुप्पट वारंवारतेचा प्रकाश जन्मतो. ऊर्जेच्या हिशेबात बोलायचं तर तांबड्याचे दोन फोटॉन एकत्र येऊन दुप्पट ऊर्जेचा एक फोटॉन होतो. या सगळ्या प्रकारांना नॉनलिनिअर ऑप्टिक्स म्हणतात. निकोलस ब्लूमबर्गन यांनी आपल्या विद्यार्थी-सहकाऱ्यांबरोबर १९६२ मध्ये त्याची सैद्धांतिक मांडणी केली आणि १९८१ च्या नोबेलचे ते एक मानकरी झाले.

जत्रेत शंभर-दोनशे रुपयांना मिळणारा जुन्या पद्धतीचा हिरवा लेझर पॉइंटर हेच करतो. त्याच्या आत हिरवा लेझर नसतोच. ८०८ नॅनोमीटरचा एक डायोड एका छोट्या स्फटिकाला चेतवतो, त्यातून १०६४ चा अदृश्य लेझर निघतो, आणि दोन-तीन मिलिमीटरच्या केटीपी नावाच्या स्फटिकात त्याची वारंवारता दुप्पट होऊन ५३२ चा हिरवा बाहेर पडतो. असा पॉइंटर अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा आणि भिंतीवर मारा: हिरवा मंद दिसतो किंवा दिसतच नाही, आणि हातात धरून ऊब लागली की परत उजळतो. आतली प्रत्येक पायरी तापमानाशी बांधलेली असल्याचा हा घरगुती पुरावा. डोळ्यांत मात्र मारू नका. स्वस्त पॉइंटरमध्ये अवरक्त अडवणारी काच पुष्कळदा नसते, आणि न दिसणारा १०६४ हिरव्याच्या आडून डोळ्यात शिरतो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मधुमेहींच्या पडद्यावर जो हिरवा लेझर मारतात, तोही बहुतेक वेळा असाच दुप्पट करून मिळवलेला ५३२. फरक इतकाच की तिथे मोजमाप असतं.

आता हेच उलटं करा. दोन फोटॉन मिळून एक होतो, तर एकाचे दोन का होऊ नयेत? होतात. १०६४ नॅनोमीटरचा एक फोटॉन स्फटिकात शिरतो आणि त्याच्या जागी दोन बाहेर येतात, दोघांच्या ऊर्जेची बेरीज मूळच्या इतकी. वाटणी अर्धी-अर्धीच असायला हवी असं नाही. एकाला १.५७ मायक्रॉन आला तर दुसऱ्याच्या वाट्याला ३.३ येतो. पहिला १.६४ वर नेला तर दुसरा ३.०४ वर सरकतो. आणि हीच ती जागा, जिथे लेझरचा हट्ट मोडतो. वाटणी कशी व्हावी हे आपण ठरवायचं.

या यंत्राला ऑप्टिकल पॅरामेट्रिक ऑसिलेटर म्हणतात, व्यवहारात ओपीओ. कोकणातल्या ओटीवरच्या झोपाळ्यावर उभं राहून मुलं झोका चढवतात तेव्हा जे करतात तेच इथे चालतं. कोणी ढकलत नाही. मूल फक्त बसतं-उठतं, पण एका हेलकाव्यात दोनदा, आणि झोका चढत जातो. उठबस झोक्याच्या दुप्पट वेगाने, आणि तिची ऊर्जा निम्म्या वेगाच्या झोक्यात. झोपाळा अगदी स्तब्ध असेल तर नुसत्या उठाबशांनी तो हलत नाही, सुरुवातीला थोडी डुलकी लागते. स्फटिकात ती डुलकी निर्वात पोकळीतल्या क्वांटम थरथरीने मिळते. आणि उठाबशा पुरेशा जोराच्या नसतील तर कड्यांच्या घर्षणातच सगळं जिरतं. ओपीओलाही असा एक उंबरठा असतो. मूळ लेझरची ताकद तो ओलांडेपर्यंत काही घडत नाही, ओलांडली की दोन नवे किरण झपकन उभे राहतात.

बेल प्रयोगशाळेत जॉर्डमेन आणि मिलर यांनी १९६५ साली लिथियम नायोबेटच्या स्फटिकात पहिला ओपीओ चालवला आणि स्फटिकाचं तापमान बदलत ०.९७ ते १.१५ मायक्रॉनपर्यंत रंग सरकवून दाखवला. पण तापमानाने रंग का बदलावा? इथे खरी मेख आहे, आणि विद्यार्थी इथेच झोपतात. स्फटिकात प्रत्येक रंगाचा वेग वेगळा. नवा प्रकाश स्फटिकाच्या तोंडाशी जन्मतो, मधोमध जन्मतो, शेवटाशी जन्मतो. या सगळ्यांची पावलं जुळली तर बेरीज होते, नाही जुळली तर एकमेकांना खोडतात. फ्रँकनचा ठिपका म्हणून तर एवढा फिका होता. स्फटिक थोडा तिरका केला किंवा तापवला तर वेगांची गणितं बदलतात आणि एखाद्या विशिष्ट वाटणीचीच पावलं जुळतात. तीच वाटणी टिकते, बाकीच्या आपोआप मरतात.

ब्लूमबर्गन आणि मंडळींनी १९६२ मध्येच एक वेगळी युक्तीही सुचवली होती: पावलं चुकायला लागली की स्फटिकच उलटा करायचा. अशा उलट-सुलट पट्ट्या घडवण्याइतकं कसब यायला मात्र पुढची काही दशकं गेली. आज लिथियम नायोबेटच्या चकतीवर उच्च विद्युतदाब देऊन आतल्या रचनेची दिशा पट्टी-पट्टीने उलटवतात. सुलट, उलट, सुलट, उलट, प्रत्येक पट्टी सुमारे पंधरा मायक्रॉन रुंद, म्हणजे केसाच्या जाडीचाही लहानसा हिस्सा. काही चकत्यांवर वेगवेगळ्या रुंदीच्या पट्ट्यांच्या अनेक रांगा शेजारी-शेजारी असतात. चकती छोट्याशा भट्टीत बसवलेली असते. रंग ढोबळ बदलायचा तर चकती बाजूला सरकवून किरण शेजारच्या रांगेतून जाऊ द्यायचा. बारीक बदलायचा तर भट्टीचं तापमान एखाद-दुसऱ्या अंशाने हलवायचं. नायमेखनच्या गटाने २००२ मध्ये अशाच स्फटिकाचा अखंड चालणारा ओपीओ जाहीर केला. ३.० ते ३.८ मायक्रॉन, सुमारे ७०० मिलिवॉट.

हे आकडे पुन्हा बघा. ३.३ च्या आसपास इथिलीन, ३.०४ ला ॲसिटिलीन. दोन्ही एकाच यंत्राच्या टप्प्यात. आणि ॲसिटिलीन म्हटलं की आंबेवाल्याचे कान टवकारतात, कारण कॅल्शियम कार्बाइडची पुडी ओलाव्याला लागली की तोच वायू निघतो. तो इथिलीनची नक्कल करून आंब्याला रंग आणतो. चव आणायचं त्याला जमत नाही. कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचा अंश असतो म्हणून ते फळं पिकवायला कायद्याने बंद आहे. इथिलीन वायू मात्र दहा लाखांत शंभर भागांपर्यंत वापरायला परवानगी आहे. दोन्हींनी पिकवलेली पेटी बाहेरून सारखीच पिवळी. ओपीओला फरक कळतो, आणि अगदी ओलसर हवेतही, कारण रंग रेघेवर आणून मोजायचं, मग केसभर बाजूला सरकवून परत मोजायचं आणि वजाबाकी करायची ही सोय त्याच्यात आहे. वाफेचा हिशेब दोन्हीकडे सारखाच येतो आणि कटतो.

भावाला हे सांगितलं तेव्हा त्याने किंमत विचारली. कित्येक लाख रुपयांच्या घरात, असं म्हटल्यावर तो उठून पाणी सोडायला गेला.

साक्याबद्दलही त्याची निराशाच केली मी. साका कोयीभोवतीच्या गरात होतो आणि आंबा कापेपर्यंत कळत नाही. ३ मायक्रॉनचा प्रकाश तर सालीतल्या पाण्यातच संपतो, आत जाणार कसा? भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये हापूसमधला साका क्ष-किरणांनी दिसतो हे दाखवलं होतं. ती वाट वेगळी. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढलेल्या रत्ना या जातीला साका धरत नाही, ही आणखी वेगळी. पण गिऱ्हाईक हापूसच मागतं.

बाकी महाराष्ट्रात एका फोटॉनचे दोन करण्याच्या या उलट्या प्रक्रियेचं सगळ्यात मोठं काम आंब्याशी संबंध नसलेल्या जागी होणार आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी पकडणारी लायगो वेधशाळा उभारायला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये २६०० कोटी रुपये मंजूर केले. अमेरिकेतल्या तिच्या जुळ्या बहिणींमध्ये १०६४ चा लेझर आधी दुप्पट करून हिरवा करतात, मग उंबरठ्याच्या खाली ठेवलेल्या ओपीओत त्याचे परत १०६४ चे जोडफोटॉन पाडतात. त्या जोड्यांचा गोंगाट साध्या प्रकाशापेक्षा कमी असतो आणि दूरच्या कृष्णविवरांची टक्कर जरा स्पष्ट ऐकू येते. रंग तोच राहिला, स्वभाव बदलला.

माझं स्वतःचं मत सांगायचं तर ओपीओ हे बागेत न्यायचं यंत्र नाही. ते शोधायचं यंत्र आहे. पिकत्या हापूसमधून कोणत्या दिवशी काय निघतं, कार्बाइडच्या पेटीतून काय निघतं, कोणती रेघ स्वच्छ आणि कोणती वाफेत बुडालेली, हे एकदा प्रयोगशाळेत रंग सरकवून-सरकवून तपासायचं. रेघ ठरली की तेवढ्याच एका रंगाचा साधा डायोड पुरतो. आणि ॲसिटिलीनच्या बाबतीत नशीब चांगलं आहे. त्याच्या काही रेघा १.५३ मायक्रॉनला, म्हणजे इंटरनेटच्या फायबरमध्ये जो प्रकाश धावतो त्याच पट्ट्यात पडतात. त्या रेघा ३.०४ च्या मानाने दुबळ्या, पण तिथले डायोड बाजारात मुबलक आणि तुलनेने स्वस्त. गोदामात, पेटी बंद असतानाच हवा खेचून बघितली तर कार्बाइड लपणार नाही. पेटी उघडून वायू हवेत विरून गेला की मग लेझर तरी काय करणार.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्ट शोधत घरी येतात. अलीकडे आलेल्या दोघींना मी हेच सुचवलं: फायबरचा डायोड, हातभर लांबीची नळी, दोन्ही टोकांना काच, एक डिटेक्टर. डायोडचा करंट हलवला की रंग रेघेवरून अलीकडे-पलीकडे जातो, तेवढी ट्युनिंग पुरे. त्यांनी सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, "सर, पण तपासायला ॲसिटिलीन आणायचा कुठून?" म्हटलं, मिरजोळे एमआयडीसीत कोणत्याही गॅस वेल्डिंगवाल्याकडे सिलिंडर असतो, फुगाभर मागा, आणि बिडी ओढणाऱ्यापासून लांब उभ्या राहा.